राखीव गोलरक्षकाला संधी मिळाली ती कशी

परभणीत आमच्या शाळेच्या फुटबॉल संघातला दुसरा गोलरक्षक सामना संपेपर्यंत जाळी नसलेल्या खांबांमागे उभा राहत असे आणि बाहेर गेलेला चेंडू बाभळीखालून काढून आणत असे. काटा रुतून चेंडूची हवा गेली, तर बोलणीही त्यालाच बसत.

असा खेळाडू देशाचा नायक होणे १९७० पूर्वीच्या विश्वचषकात जवळपास अशक्य होते. तेव्हा बदली खेळाडूची मुभाच नव्हती. गोलरक्षक जायबंदी झाला, तर मैदानावरच्याच कोणीतरी गोल सांभाळायचा. १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेपासून बदली खेळाडू उतरवता येऊ लागला आणि त्याच वर्षी, बरोबरीतल्या बाद सामन्याचा निकाल पेनल्टी शूटआऊटने, म्हणजे फक्त गोलरक्षकासमोर आळीपाळीने मारलेल्या फटक्यांनी, लावण्यास मान्यता मिळाली. माझ्या मते राखीव गोलरक्षकाची खरी कथा या दोन नियमांपासून सुरू होते.

तिचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अर्जेंटिनाचा सर्जिओ गोयकोचेआ. रिव्हर प्लेट क्लबमध्येही तो नेरी पुम्पिदोच्या मागे दुसऱ्या क्रमांकावरच होता. पुढे तो कोलंबियातील मिलोनारिओसकडे गेला. पण १९८९ मध्ये एका पंचाच्या हत्येनंतर तिथली लीगच रद्द झाली. सामन्यांचा सराव तुटलेला असतानाच तो १९९० च्या इटलीतील विश्वचषकाला गेला. १३ जून रोजी नेपल्समध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध सुरुवातीलाच सहकाऱ्याशी धडक होऊन पुम्पिदोचा पाय मोडला आणि गोयकोचेआला तयारीला वेळ न मिळताच गोलात उभे राहावे लागले.

उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धच्या शूटआऊटमध्ये खुद्द मॅराडोनाची पेनल्टी अडवली गेली, तरी गोयकोचेआने ब्रनोविच आणि हाजिबेगिच यांचे फटके रोखून संघाला ३-२ असे तारले. ३ जुलैला यजमान इटलीविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटून शूटआऊट सुरू झाले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजत आले होते. दोनादोनीचा फटका त्याने डावीकडे झेपावून अडवला, पाठोपाठ सेरेनाचाही अडवला आणि अर्जेंटिना अंतिम फेरीत पोहोचला. तिथे ८५ व्या मिनिटाला पश्चिम जर्मनीच्या ब्रेमेच्या पेनल्टीवर त्याने झेप योग्य बाजूलाच घेतली होती. पण चेंडू खांबालगत आत गेला. पराभूत होऊन परतलेल्या संघाचे ब्यूनस आयर्समध्ये प्रचंड स्वागत झाले आणि गोयकोचेआ घराघरांत पोहोचला.

अर्जेंटिनाच्या बाबतीत जे अपघाताने घडले, ते पुढे प्रशिक्षकांनी ठरवून केले. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान हाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळेच्या अखेरीस खास शूटआऊटसाठी राखीव गोलरक्षक टिम क्रुलला उतरवले आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. २०२२ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात ऑस्ट्रेलियाने पेरूविरुद्ध शूटआऊटआधी कर्णधार आणि गोलरक्षक मॅट रायनला बाहेर घेऊन अँड्र्यू रेडमेनला आणले. गोलरेषेवर हातपाय हलवत नाचणाऱ्या रेडमेनने शेवटचा फटका अडवून देशाला विश्वचषकाचे तिकीट मिळवून दिले. त्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या चारही सामन्यांत गोलात रायन होता आणि रेडमेन बाकावर.