शीतगृहातील अमोनिया : हाताळणी आणि गळतीच्या वेळची उपाययोजना (नागपूर)

अमोनिया हा नायट्रोजन व हायड्रोजन यांचा रंगहीन, अत्यंत उग्र वासाचा वायू. शीतक, म्हणजे थंडावा आणणारे द्रव्य, म्हणून त्याचा क्रमांक आर-७१७ आणि वाहतुकीतला क्रमांक यूएन १००५. सुमारे उणे ३३ अंश सेल्सिअसला तो उकळतो, त्यामुळे साध्या तापमानाला द्रवरूपात ठेवायचा तर दाबाखालीच ठेवावा लागतो. नागपुरात सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध येतो तो मुख्यतः कोल्ड स्टोरेजमुळे. कळमना बाजार आणि भंडारा रोडच्या परिसरात मिरची, चिंच, बटाटा, फळे साठवणारी शीतगृहे आहेत. त्यांच्या यंत्रशाळेत हाच वायू फिरत असतो. तिथली माणसे त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात, आणि गळती झाली की ‘गॅस सुटला’.

वास अगदीच अनोळखी नाही. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकात झोंबणारा पांढरा धूर उठतो, त्यात अमोनिया असतो. अमोनिया हे नावही नवसागराच्या लॅटिन नावावरूनच आले आहे.

शीतगृहांनी हा वायू निवडला त्याला कारणे आहेत. एक किलो द्रव अमोनिया उकळताना सुमारे १,३७० किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. तो स्वस्त आहे आणि ओझोनच्या थराला इजा करत नाही. शिवाय हवेच्या दहा लाख भागांत पाचेक भाग असला तरी बहुतेकांच्या नाकाला कळतो. हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे, पण त्यावर विसंबून राहण्यात धोका आहे. रोज त्याच वासात काम करणाऱ्या ऑपरेटरचे नाक बधिर होत जाते आणि ‘थोडा वास तर येतोच’ हे वाक्य यंत्रशाळेत रुळते. थोडा वास येणे म्हणजे कुठेतरी ग्लँड (दांड्याभोवतीचे सील), फ्लँज (नळ्यांचा जोड) किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

नागपूरचा उन्हाळा आणि दाब

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अमोनियाच्या यंत्रणेत तापमान वाढले की दाबही वाढतो. ४० अंशांना त्याचा बाष्पदाब साधारण साडेपंधरा बार असतो, ५० अंशांना वीस बारच्या वर जातो. कंडेन्सरवर, म्हणजे वायू निवून पुन्हा द्रव होतो त्या नळ्यांवर, पाणी पडत असते तोवर कोरडी हवा मदतच करते. घरचा कूलर मे महिन्यात छान गारवा देतो आणि जुलैत नुसती ओल, त्यामागचे तत्त्व हेच. पण पंप बंद पडला, टाकीतले पाणी संपले किंवा नळ्यांवर क्षाराचा थर चढला की दाब झपाट्याने वर जातो. म्हणून उन्हाळ्यात काँप्रेसरइतकेच लक्ष कंडेन्सरच्या पाण्याकडे हवे. सेफ्टी व्हॉल्व्हची मुदतीत तपासणी झालेली हवी आणि त्याचा नळ माणसे वावरतात त्या जागेपासून दूर, छताच्या वर सोडलेला हवा.

दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अमोनिया अडकू देणे ही वरवर किरकोळ वाटणारी, पण घातक चूक. द्रव तापला की फुगतो आणि त्याला जागा मिळाली नाही तर नळी फाटते. तांबे-पितळेचा एकही भाग या यंत्रणेत चालत नाही, कारण ओलसर अमोनिया तांबे खातो. एअर कंडिशनरवर हात बसलेला मिस्त्री सवयीने पितळी जोड बसवून जातो, तेव्हा सामान बसवण्याआधी तपासणे मालकाचे काम.

ऑइल ड्रेन

शीतगृहातले सर्वांत जोखमीचे काम विचारले तर जाणकार ऑपरेटर ऑइल ड्रेनचेच, म्हणजे साचलेले तेल काढण्याचेच, नाव घेतात. काँप्रेसरचे तेल अमोनियाबरोबर वाहत जाते आणि रिसीव्हर (द्रव साठवण्याची टाकी) किंवा बाष्पित्राच्या (द्रव उकळून थंडावा देतो त्या भागाच्या) तळाशी साचते, कारण तेल द्रव अमोनियापेक्षा जड. ते वेळोवेळी काढावे लागते. तेल थंड आणि घट्ट असल्याने सुरुवातीला काहीच येत नाही, म्हणून माणूस व्हॉल्व्ह आणखी उघडतो. मग अचानक तेल संपते आणि मागचा द्रव अमोनिया जोरात बाहेर पडतो. एक लिटर द्रवाचा कित्येकशे लिटर वायू होतो. तेवढ्या वेळात व्हॉल्व्हपर्यंत परत हात जात नाही.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. तेलाच्या नळीवर मूळ व्हॉल्व्हखेरीज स्प्रिंगचा, हात सोडताच आपोआप मिटणारा दुसरा व्हॉल्व्ह बसवायचा. तो तारेने किंवा लाकडी खुंटीने उघडा अडकवून ठेवणे म्हणजे तो नसल्यासारखेच. ते भांडे आधी मुख्य यंत्रणेपासून तोडून दाब उतरवायचा, तोंडावर पूर्ण मुखवटा आणि हातात रबरी मोजे घालायचे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, उभे राहायचे, आणि हे काम एकट्याने कधीही करायचे नाही. दुसरा माणूस दाराबाहेर हवा. तो मदतनीस म्हणून आत आला तर बाहेर खबर द्यायला कोणी उरत नाही. व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला जाणे तर अक्षम्य आहे.

गळती

किरकोळ गळती शोधायला गंधकाची वात वापरतात. जळत्या वातीचा धूर अमोनियाला भेटला की दाट पांढरा होतो, आणि सांधा कुठे गळतो ते नेमके दिसते. ओला लिटमस कागदही चालतो. वास फार असेल तर मात्र वात पेटवू नये. हवेत अमोनियाचे प्रमाण साधारण १५ ते २८ टक्के झाले की तो पेट घेतो, आणि बंद यंत्रशाळेत एवढे प्रमाण होऊ शकते. अशा वेळी मुख्य वीज बाहेरून तोडावी. त्यासाठी स्विच बाहेर असावा लागतो. मुखवटेही बाहेरच हवेत, दाराजवळच्या पेटीत. यंत्रशाळेच्या आतल्या खुंटीवर टांगलेला मुखवटा गॅस सुटल्यावर कोणाच्याच उपयोगी येत नाही. वायू शोषणारा डबा लावलेला मुखवटा थोड्या प्रमाणापुरता आणि पळून येण्यापुरताच. त्या डब्याला मुदतही असते. वायू भरलेल्या खोलीत शिरायचे तर पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला श्वसनसंचच लागतो, आणि तो वापरण्याचे शिक्षण घेतलेला माणूस.

अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, त्यामुळे तो वर निघून जाईल असा समज असतो. कोरड्या, उबदार वायूबाबत तो खरा. पण फुटलेल्या नळीतून थंड द्रवाचे तुषार सुटतात तेव्हा हवेतली वाफ गोठून पांढरे धुके बनते आणि ते जमिनीलगत सरकते. पावसाळ्यात हे धुके दाट दिसते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते विरळ असते आणि गॅस दिसतो त्याच्या बराच पुढे पोचलेला असतो. हिवाळ्याच्या शांत रात्री तो हलतच नाही. शीतगृहाच्या गच्चीवर कापडी वातदर्शक उभारायला नगण्य खर्च येतो. तो नसेल तर धूळ किंवा धूर कुठे जातो ते पाहावे आणि वाऱ्याला आडवे पळून, फेरा घालून वरच्या अंगाला जावे. वारा जिकडे वाहतो तिकडेच सरळ धावणारा माणूस गॅसच्या सोबतच धावत असतो.

छोट्या गळतीत सर्व बाजूंनी किमान ३० मीटर जागा लगेच मोकळी करावी. अमोनियाचा टँकर आगीत सापडला तर हे अंतर १.६ किलोमीटर धरतात. शेजारच्या वस्तीत बाहेर पडायला वेळ नसेल तर घरात थांबून दारे-खिडक्या लावाव्यात, फटीत ओले कापड कोंबावे आणि कूलर तत्काळ बंद करावा, कारण तो बाहेरची हवाच आत ओढतो. उन्हाळ्यात नागपूरकर डोक्या-तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात. तोच भिजवून नाकातोंडावर धरला तर अमोनिया पाण्यात विरघळत असल्याने चार श्वास हलके होतात. तेवढ्यावर कोणाला सोडवायला आत मात्र जाऊ नये.

थंड खोल्यांत त्या वेळी कोण आहे हे दारावरच्या पाटीवरून कळले पाहिजे. पोत्यांच्या थप्प्या मजल्यांवर मजले चढवलेल्या असतात आणि वरच्या फळ्यांवर हमाल काम करत असतात. हा हमाल बहुधा शीतगृहाचा पगारी नोकर नसतो. माथाडी मंडळाकडे किंवा अडत्याकडे त्याची नोंद असते. म्हणूनच मॉक ड्रिलच्या यादीतून त्याचे नाव गळण्याची भीती असते, आणि त्याला बाहेरची वाट सर्वांत लांब पडते. खोलीचे दार आतून उघडता येणे आणि आत धोक्याची घंटा असणे या गोष्टी त्याच्यासाठी आहेत.

पाणी कुठे मारायचे

अग्निशमन दलाच्या दृष्टीने अमोनियावरचे मुख्य हत्यार पाणीच, पण ते कुठे मारायचे हे ठरलेले आहे. हवेतल्या ढगावर बारीक तुषारांचा पडदा धरला की वायू पाण्यात ओढला जातो. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर मात्र पाणी ओतायचे नाही. पाणी त्याला उष्णता देते, द्रव खळखळून उकळतो आणि ढग आणखी वाढतो. गळत्या व्हॉल्व्हवर पाईप रोखण्याचा मोह याच कारणाने आवरायचा. ब्लीचिंग पावडर तर अजिबात टाकू नये. तिच्याशी संयोग होऊन क्लोरामाइन हे वेगळेच विषारी वायू तयार होतात.

या विद्येची मोठी विद्यापीठे नागपुरातच आहेत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून या शहरात आहे, त्याच वर्षी सुरू झालेले राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या इथल्याच अकादमीत विलीन झाले आहे, आणि गॅस सिलिंडर व दाबपात्रांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालयही इथेच. देशभरातले जवान जिथे शिकायला येतात, त्याच शहरातल्या शीतगृहाच्या ऑपरेटरपर्यंत हे शिक्षण पोचणे अवघड नसावे.

शरीरावर परिणाम आणि प्रथमोपचार

आठ तासांच्या कामासाठी हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग ही मर्यादा मानतात. ३०० भागांना ती हवा जीविताला तत्काळ धोकादायक ठरते, आणि काही हजारांना थोड्या वेळात मृत्यू येऊ शकतो. डोळे, घसा, फुप्फुसे यांतल्या ओलाव्यात विरघळून अमोनियाचा दाहक अल्कली बनतो. अल्कली ऊतकात खोल शिरत जातो, म्हणून डोळ्याच्या बाबतीत प्रत्येक सेकंद मोजावा लागतो. पापण्या बोटांनी उघड्या धरून साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे. दवाखान्याच्या वाटेवरही धुणे चालू राहिले तर उत्तम. लिंबू, व्हिनेगर, तूप, मलम यांपैकी काहीही लावू नये.

द्रव अंगावर पडला तर भाजणे आणि गोठणे एकदमच होते. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नये, भरपूर पाणी ओतून तो सुटू द्यावा. अमोनियाला उतारा नाही. प्राणवायू आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे हाच उपचार. आवाज बसला, गिळताना त्रास झाला, श्वासाला घरघर लागली तर घशाला सूज येत आहे असे समजून १०८ ची गाडी बोलवावी आणि मेयो किंवा मेडिकल ही सरकारी रुग्णालये गाठावीत. बरे वाटते म्हणून लगेच घरीही पाठवू नये. फुप्फुसात पाणी भरायला कधी कधी एक-दोन दिवसही लागतात. आगीसाठी १०१ आणि सर्वसाधारण संकटासाठी ११२. फोनवर ‘गॅस लीक’ एवढेच न सांगता ‘अमोनिया’ हा शब्द उच्चारावा, नाहीतर समोरचा स्वयंपाकाचा गॅस समजतो.

कायदा

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आला आणि त्याखाली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियम १९८९ झाले. अमोनियाच्या स्वतंत्र साठ्याबाबत आपत्कालीन आराखड्याची सक्ती ६० टनांपासून सुरू होते. शीतगृहाच्या यंत्रणेत त्याच्या तुलनेत फारच थोडा, मोजक्या टनांचा भरणा असतो. त्यामुळे खत कारखान्याला लागणारा तपशीलवार आराखडा त्याला लागत नाही, जरी अमोनिया घातक रसायनांच्या यादीत असल्याने सर्वसाधारण जबाबदारी सुटत नाही. खत कारखाना बहुधा गावाबाहेर असतो, शीतगृह बाजार आणि वस्तीला लागून असते. १९७३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूम येथे टाकी फुटून ३८ टन अमोनिया सुटला आणि १८ माणसे गेली. तो आकडाही आपल्या ६० टनांच्या मर्यादेच्या आतलाच आहे. मर्यादा टनांबरोबर शेजारच्या लोकसंख्येवरही ठरायला हवी.

तुषारांनी धुतलेले अमोनियायुक्त पाणी उघड्या गटारात सोडणे हा दुसरा अपघात ठरतो. नागपूरचे नाले नाग आणि पिवळी नद्यांत उतरतात आणि त्यांचे पाणी पुढे कन्हानला मिळते. पाण्यातला मुक्त अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असला तरी मासे मरू शकतात. यंत्रशाळेभोवती बुटका बांध आणि पाणी अडवायला एक खड्डा असला, तर ते पाणी तिथेच राहते आणि नंतर सावकाश, तपासून हलवता येते.