शॉक ट्रीटमेंट आणि टीएमएस: एकात फिट मुद्दाम आणतात, दुसऱ्यात ती येऊ नये म्हणून जपतात

"आत्याला डॉक्टरांनी मशीनची ट्रीटमेंट सांगितलीय" एवढं म्हटलं की घरातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर जुन्या सिनेमातला सीन येतो, हातपाय बांधलेत, बटण दाबलं, पेशंट तडफडतोय. उरलेल्या निम्म्यांनी कुठेतरी जाहिरात वाचलेली असते की आता चुंबकाने डिप्रेशन बरं होतं, म्हणजे काय तर तोच शॉक, फक्त मॉडर्न. दोघांचंही चुकतं. ईसीटी म्हणजे आपण ज्याला शॉक म्हणतो ती, आणि आरटीएमएस (किंवा नुसतं टीएमएस) म्हणजे चुंबकाची, या दोन्हीत मेंदूत करंट जातो हे खरं, पण साम्य जवळपास तिथेच संपतं.

मुळात करंटचा संबंध काय? आपण विचार करतो, लक्षात ठेवतो, निर्णय घेतो ते न्यूरॉन्सच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जोरावर, आणि न्यूरॉनच्या आत संदेश पळतो तो विजेच्या रूपात, पुढच्या न्यूरॉनला तो बहुतेक वेळा केमिकलने पोचतो. गोळ्या त्या केमिकलच्या बाजूने जातात, ही दोन मशीन्स विजेच्या बाजूने.

आधी ईसीटी. १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी सुरू केली. त्याच्या चार वर्षं आधी हंगेरीत मेदुना नावाचे डॉक्टर कापरासारख्या औषधाने पेशंटला फिट आणत होते, म्हणजे फिट आणायची कल्पना आधीची आहे, वीज नंतर आली कारण ती जास्त भरवशाची आणि झटपट. हे लक्षात घेतलं की सगळा गोंधळ सुटतो, ईसीटीत शॉक हे नुसतं साधन आहे, औषध आहे ती फिट. आता नुसती फिट आली की काम झालं असंही नाही बरं का, डोक्याच्या उजव्या एकाच बाजूने जेमतेम फिट येण्याइतका करंट दिला तर फिट येते पण डिप्रेशनवर फारसा परिणाम होत नाही, तिथे डोस बराच वाढवावा लागतो.

आणि तो सिनेमातला सीन? आता पेशंट उपाशीपोटी येतो, शिरेतून भूल देतात, मग स्नायू ढिले करणारं इंजेक्शन, ऑक्सिजन, दातांमध्ये गार्ड. अंगाला झटके येतच नाहीत, मग फिट आली हे कळणार कसं? त्यासाठी एक भारी युक्ती आहे. बीपीचा पट्टा एका घोट्यावर बांधून आधीच घट्ट फुगवतात, म्हणजे ते स्नायूचं इंजेक्शन त्या पावलापर्यंत पोचत नाही. बाकी सगळं अंग शांत आणि तेवढं एक पाऊल थरथरतं, डॉक्टर त्याच्याकडे बघून सेकंद मोजतात, शिवाय ईईजीवर, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या मशीनवर, रेघा दिसतातच. साधारण २० ते ६० सेकंद, संपलं. आपल्याकडे २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टनुसार भूल आणि स्नायू ढिले करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी द्यायला बंदीच आहे, आणि अल्पवयीन मुलांना द्यायची तर पालकांच्या संमतीबरोबर मेंटल हेल्थ बोर्डाची आधी परवानगी लागते.

आता टीएमएस. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये कवटीवरून थेट वीज देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले होते, पण भयंकर दुखायचं, कारण कवटी विजेला अडवते आणि बराचसा करंट टाळूच्या कातडीतच खर्च होतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड आडवं येत नाही. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांच्या टीमने हेच वापरलं, कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, क्षणभर जोरदार करंट सोडायचा, त्याने चुंबकीय क्षेत्र झपकन बदलतं, आणि बदलत्या क्षेत्राने मेंदूत बारीकसा करंट तयार होतो, फॅरेडेचा शाळेतला नियम, सायकलचा डायनॅमो चालतो तोच. (म्हणूनच मनगटात घालायचे चुंबकाचे पट्टे विकणाऱ्यांचं ऐकू नका, स्थिर चुंबकाने यातलं काहीच होत नाही.)

पेशंट खुर्चीत जागा बसलेला असतो, कानात प्लग, कारण कॉइल टकटक टकटक आवाज करते. पहिल्या दिवशी डोस ठरवतात तो बघण्यासारखा असतो, कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर धरतात आणि उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडतो, पेशंटने काही न करता! दहापैकी साधारण पाच वेळा उडेल इतकी ताकद शोधायची, त्याच्या १२० टक्के हा नेहमीचा डोस. मग कॉइल पाचेक सेंटीमीटर पुढे सरकवतात, तिथला कपाळामागचा भाग प्लॅनिंग, लक्ष, कामापुरतं डोक्यात धरून ठेवणं हे सांभाळतो आणि डिप्रेशनमध्ये तो बऱ्याचदा मंदावलेला दिसतो. सेकंदाला १० पल्स, म्हणजे चुंबकाचे ठोके, दिले की तो भाग साधारणपणे जास्त उत्तेजित होतो, सेकंदाला १ दिला की उलट. परिणाम कवटीखाली दोन-तीन सेंटीमीटरच, पूर्ण मेंदूभर नाही. इथे फिट आली तर तो अपघात, अगदी क्वचित होतो, पण त्यासाठीच फिट्सचा इतिहास आधी विचारतात, आणि डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने बसवलेलं यंत्र) असेल तर सहसा नाहीच म्हणतात.

मग कुठली चांगली? माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे, पेशंट कुठल्या अवस्थेत आहे ते सांगा. माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही, पुतळ्यासारखा बसलाय, किंवा आत्महत्येचा धोका डोक्यावर आहे, तिथे ईसीटी, कारण ती जास्त ताकदीची आणि लवकर लागू पडते, आठवड्याला दोन-तीन वेळा अशा ६ ते १२ सेशन्स. किंमत मोजावी लागते ती स्मरणशक्तीत, त्या काळातल्या आणि त्याआधीच्या काही महिन्यांच्या आठवणी पुसट होतात, नवं लक्षात ठेवणं बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं पण गेलेल्या काही आठवणी परत येतातच असं नाही. हे डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगायला हवं, उगाच "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावू नये.

गोळ्यांनी फरक पडला नाही पण माणूस चालतोबोलतोय, कसाबसा ऑफिसला जातोय, अशांना टीएमएस. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये डिप्रेशनसाठी मान्यता दिली. भूल नाही, त्यामुळे सेशन झाली की स्वतः गाडी चालवत कामावर जाता येतं, ईसीटीनंतर त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. डोकेदुखी, टाळूला टोचल्यासारखं वाटणं एवढंच बहुतेकांना. पण आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे, जिथे मशीन जिल्ह्याच्या गावालाही नाही तिथल्यांनी रोज कुठे जायचं? पल्सची रचना बदलून ३७ मिनिटांची सेशन ३ मिनिटांवर आणलीय आणि ती तेवढीच उपयोगी ठरलीय, पण रोजचा प्रवास त्याने वाचत नाही. आणि दोन्हीनंतर गोळ्या सहसा चालूच ठेवाव्या लागतात, ईसीटीनंतर तर हमखास, नाहीतर काही महिन्यांत आजार परत डोकं वर काढायची शक्यता बरीच असते.