बारावीला कमी मार्क म्हणजे नर्सिंग विसरा?

"बारावीत एकदा गचकलं की नर्सिंग कायमचं बंद, आर्ट्सवाल्यांना तर एंट्रीच नाही" असं फिरतं, पण तसं नाहीये. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला ४५% लागतात (एससी-एसटीला ४०%) आणि इंग्रजीत पास. जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) कुठलीही शाखा चालते, एकूण ४०% आणि इंग्रजी पास, पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करता येतं.

आता मार्कशीट काढा, बीएस्सीसाठी त्या तीन विषयांचीच बेरीज करा, त्यात मराठी-इंग्रजीचे मार्क धरू नका (घोळ इथेच होतो), मग प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान बघा, तिथे टक्के दिसतील. अर्थात पात्र झालं की सीट मिळालीच असं नाही, सरकारी कॉलेजला मेरिट बरंच वर जातं.