रेंज नसलेल्या रस्त्यावरचा चालकविरहित ट्रक

चालकाविना धावणारा ट्रक दूरच्या सर्व्हरच्या हुकमावर चालतो, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात या तंत्रज्ञानाची सुरुवातच नेटवर्कशिवाय झाली. १९८०च्या दशकात जर्मनीत अर्न्स्ट डिकमान्स यांच्या चमूने एका मर्सिडीझ व्हॅनमध्ये कॅमेरे आणि संगणक बसवले. १९८७मध्ये ती रिकाम्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटर वेगाने धावली आणि वळण कुठे आहे ते गाडीतच ठरत होते.

खरी परीक्षा वाळवंटात झाली. मार्च २००४मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने मोहावी वाळवंटात सुमारे २४० किलोमीटरची शर्यत ठेवली. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडीही १२ किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी मात्र पाच गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पार केला. पहिल्या आलेल्या स्टॅनफर्डच्या ‘स्टॅनली’ची युक्ती आजही थक्क करते. जवळची सपाट जमीन ती लेझरने हेरायची, कॅमेऱ्यात ती जमीन कशी दिसते ते शिकायची आणि तशीच दिसणारी दूरची जमीनही रस्ता मानायची. जीपीएस थोडा वेळ तुटले, तर चाकांचे फेरे आणि जडत्वमापक (गाडीच्या वेगातले व दिशेतले बदल टिपणारे उपकरण) यांवरून ती आपली जागा काढायची. (जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, या दोन गोष्टींची गल्लत फार होते.) माझ्या लेखी पाचवी गाडीही तितकीच मोलाची आहे. ऑशकॉश कंपनीचा ‘टेरामॅक्स’ हा अवजड लष्करी ट्रक वेळेची मर्यादा उलटल्यावर का होईना, पण पोहोचला.

त्यानंतर संशोधन शहरांकडे वळले आणि सेंटिमीटरपर्यंत अचूक त्रिमितीय नकाशांवरची भिस्त वाढली. कच्च्या रस्त्यांवर हे नकाशे टिकत नाहीत. एका पावसात कडा वाहून जाते, चाकोरी सरकते. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८मध्ये मांडलेल्या ‘मॅपलाइट’ या प्रणालीने म्हणूनच उलटी वाट धरली. साध्या खुल्या नकाशावरून फक्त दिशा घ्यायची आणि रस्त्याची कड सेन्सरने जागेवरच शोधायची.

खाणींचा मार्ग वेगळा होता. ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात रिओ टिंटोने २००८पासून चालकविरहित डंपर आणले, पण खाणीचे स्वतःचे वायरलेस जाळे उभारून आणि सुमारे १,५०० किलोमीटरवरच्या पर्थमधून देखरेख ठेवून. बंदिस्त आवारात ते परवडते. लांबच लांब निर्जन रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर मनोरे उभारणे परवडत नाही.

२०२४च्या अखेरीस टेक्सासच्या पर्मियन या तेलखोऱ्यात कोडियाक कंपनीचे ट्रक अ‍ॅटलस एनर्जी या तेलविहिरींना वाळू पुरवणाऱ्या कंपनीसाठी खासगी कच्च्या रस्त्यांवरून चालकाविना वाळू वाहू लागले. अशा ठिकाणी सर्वांत अवघड काम थांबण्याचे आहे. धुळीने लेझर आंधळा झाला, तर शहरात दूरवरचा माणूस कॅमेऱ्यातून पाहून सल्ला देऊ शकतो. रेंज नसेल तिथे वेग कधी कमी करायचा, मागून येणाऱ्याला धोका होणार नाही अशी जागा कोणती आणि पुन्हा केव्हा निघायचे, हे सगळे ट्रकलाच ठरवावे लागते.