फूर्ये टायकोग्राफी

सूक्ष्मदर्शकाच्या साध्या, कमी ताकदीच्या भिंगातून मोठे क्षेत्र आणि बारीक तपशील दोन्ही एकाच प्रतिमेत मिळवण्याची पद्धत. अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या ग्वोआन झेंग, रोर्क हॉर्स्टमायर आणि चांगह्वे यांग यांनी ती २०१३ मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’ या नियतकालिकात मांडली.

तिने सोडवलेली अडचण स्लाइड पाहणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. ४एक्स भिंगाने ऊतीचा बराच भाग दिसतो, पण पेशीकेंद्रक म्हणजे नुसता ठिपका. ४०एक्स लावले की केंद्रक स्पष्ट होते, पण डोळ्यापुढे उरतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा. मग नॉब फिरवत स्लाइड सरकवत बसायचे. स्लाइड स्कॅनरही तेच करतो, फक्त मोटारीने, आणि तुकडे जोडून देतो.

वस्तूतला तपशील जितका बारीक, तितका त्यावरून जाणारा प्रकाश जास्त कोनात वळतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे याने १८७३ मध्ये दाखवले. लहान भिंगाला हा तिरका प्रकाश पकडता येत नाही. इथे भिंग न बदलता उजेडच तिरका केला जातो. स्लाइडखाली एलईडींची जाळी असते आणि तिच्यातला एकेक दिवा क्रमाने लावून फोटो घेतात. मधला दिवा लागला की नेहमीचे उजळ चित्र मिळते. कडेचा लागला की पार्श्वभूमी काळी होते आणि पेशींच्या कडा तेवढ्या चमकतात. सुटा फोटो पाहिला तर तो निव्वळ टाकाऊ वाटतो; पण एरवी भिंगाबाहेर निसटणारा प्रकाश त्यातच आलेला असतो.

कॅमेरा प्रकाशाची तीव्रता नोंदवतो, तरंगाची कला (फेज), म्हणजे त्याचा चढउतार नेमका कुठे आला आहे ते, नोंदवत नाही. लगतच्या दिव्यांच्या फोटोंमधली माहिती मुद्दाम एकमेकींवर पडू देतात आणि सगळ्या फोटोंशी जुळेल असा तरंग संगणक पुन्हापुन्हा आकडेमोड करून शोधतो. ‘टायको’ हा ‘घडी’ (दुमड) या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला, आणि मूळ टायकोग्राफी जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर होप्पे याची, १९७०च्या सुमाराची, स्फटिकांच्या विवर्तनासाठीची (विवर्तन म्हणजे वस्तूवरून जाताना तरंगांचे वळणे-पसरणे).

पहिल्या प्रयोगात २एक्सचे, ०.०८ न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरचे (भिंग किती तिरका प्रकाश पकडते त्याचे माप) भिंग होते. त्यातून ०.५ अ‍ॅपर्चरची ताकद, ०.७८ मायक्रॉनपर्यंतचा तपशील आणि सुमारे १२० चौरस मिलिमीटरचे क्षेत्र मिळाले. शिवाय सुमारे ०.३ मिलिमीटर खोलीपर्यंतचा फोकस नंतर संगणकावर सुधारता येत होता. ओबडधोबड पसरलेल्या रक्ताच्या स्लाइडसाठी हा लाभ मला तपशिलाइतकाच मोलाचा वाटतो.

नमुना पातळ हवा, आणि सगळे फोटो होईपर्यंत तो हलता कामा नये. अनुदीप्त (फ्लुओरेसेंट) रंगांच्या प्रतिमांना ही युक्ती थेट लागू पडत नाही, कारण तो रंग स्वतःच प्रकाश टाकतो आणि दिवा कुठल्या बाजूचा होता याची खूण त्यात राहत नाही.