गाडीत बायबल ठेवलं की अपघात टळतो?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती घरांत एक जुना फॉरवर्ड फिरतो: बायबलमधलं स्तोत्र 91 गाडीत ठेवा, चोर्ला घाटातही काही होणार नाही.

स्तोत्रात संरक्षणाचं वचन आहे हे खरं. पण ते देवाचा आश्रय घेणाऱ्या माणसाला आहे, कागदाला नाही. याच स्तोत्रातली 11-12 वचनं सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी ऐकवतो आणि उडी टाक म्हणतो (मत्तय 4:6). येशू नकार देतो: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. इस्राएल लोकांनी तर कराराचा कोशच, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटीच, विजय मिळेल म्हणून रणात नेली होती. 30,000 पायदळ पडलं, कोशही शत्रूच्या हाती गेला (1 शमुवेल 4). सर्पदंश झालेल्यांनी पाहून वाचावं म्हणून मोशेनं देवाच्याच आज्ञेनं केलेल्या पितळी सापापुढे पुढच्या पिढ्या धूप जाळू लागल्या, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला (2 राजे 18:4).

पडताळा घरीच होतो. बायबल गाडीत नसलं की धाकधूक होते, पण सहा महिने उघडलं नाही याची होत नाही? मग त्याचा ताईत झालाय. गळ्यातला क्रूस, प्रार्थनेच्या तेलाची बाटली, यांनाही हाच प्रश्न विचारून बघा.

बायबल गाडीत जरूर असू द्या. ब्रेक मात्र तपासून घ्या, आणि घाट उतरताना गिअर खालचाच ठेवा.