लांबचा पल्ला आहे म्हणून टायरमध्ये हवा जास्त भरू नका
(नामिबियाच्या स्केलेटन कोस्ट या किनाऱ्यावर आमची भाड्याची गाडी स्वतः चालवत जाणाऱ्या ग्राहकांसाठी)

नामिबियात गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे राजधानी विंडहुकहून निघालेली आपली मंडळी पहिल्या दिवशीच रुळतात. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडपर्यंतचा सुमारे 360 किलोमीटरचा रस्ता डांबरी आहे आणि तिथे कुणाला काही अडचण येत नाही. आम्हाला फोन येतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि बहुतेक एकाच कारणासाठी: टायर फाटला.

फाटलेला टायर आमच्याकडे आला की आम्ही आधी उरलेल्या तीन चाकांची हवा मोजतो. दहापैकी आठ वेळा ती कंपनीने डांबरी रस्त्यासाठी सांगितलेल्या आकड्याहूनही जास्त निघते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. पेट्रोल पंपावर टाकी फुल करताना पंपावरच्या मुलाला सांगितलं, पुढे लांब जायचंय, दोन पॉइंट जास्तच भर. ही सवय आपण घरून घेऊन येतो. भरलेल्या गाडीने महामार्गावर जाताना ती खपूनही जाते. खडीच्या रस्त्यावर मात्र तीच टायर फाडते.

टायर कडक असला की खडीचा टोकदार दगड त्याला दाबू शकत नाही, मग तो रबरात घुसतो. हवा थोडी कमी असली की टायर दगडावर वाकतो, त्याला पोटात घेतो आणि पुढे जातो. जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, त्यामुळे वजनही जास्त जागेवर वाटलं जातं. शिवाय या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा असतात. कडक टायर त्यांच्यावरून उड्या मारत जातो, आणि चाक जमिनीवर टेकलेलंच नसेल तर ब्रेक आणि स्टेअरिंग काय करणार?

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. आमच्या भरलेल्या डबल कॅब गाडीला (चार दारांच्या पिकअपला) डांबरावर हवेचा दाब पुढे 2.2 आणि मागे 2.4 बार, म्हणजे 32 आणि 35 पीएसआय. खडीवर चारही चाकांना 1.8 बार, म्हणजे 26. मऊ वाळूत रुतायची वेळ आलीच तर 1.2, पण तेव्हा वेग माणसाच्या पळण्याइतकाच ठेवायचा आणि वाकडी वळणं घ्यायची नाहीत, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. मोजणी थंड टायरवर करा. दोन तास चालवून थांबलात तर गेज काही पीएसआय जास्त दाखवतं. त्या आकड्यावरून हवा सोडली की टायर गार झाल्यावर हवा हवी त्यापेक्षा कमी भरते. स्वाकोपमुंडची धुकट, गार सकाळ मोजायला उत्तम.

मग गाडी हवा कमी करूनच का देत नाही, असं बरेच जण विचारतात. कारण पहिला दिवस डांबरावरचा असतो आणि तिथे वेगमर्यादा 120 आहे. कमी हवेचा टायर त्या वेगाला बाजूने सतत वाकत राहतो, तापतो आणि फुटतो. हवा कमी आणि वेग जास्त, हे दोन्ही एकत्र चालत नाही. म्हणूनच खडीवर कायद्याने 100 ची मुभा असली तरी आमची मर्यादा 80 आहे, आणि गाडीतलं यंत्र त्यापुढे गेलात की वाजतं. काहींना त्याचा त्रास होतो. पण 80 च्या पुढे वळणावर खडी चाकाखालून सरकली की गाडी उलटते. आपल्याच वेगामुळे उलटलेल्या गाडीचं नुकसान आमच्या विम्यात बसत नाही. ते बिल कुणाच्या हातात द्यायची वेळ येऊ नये, म्हणून ते यंत्र बसवलं आहे.

हवा कुठे सोडायची हेही सांगतो, कारण सगळा किनारा एकसारखा नाही. हेन्टीस बेच्या पुढे सी-34 हा मिठाचा रस्ता आहे. मीठ आणि जिप्सम दाबून तो डांबरासारखा टणक झालेला असतो. बेंग्वेला या थंड समुद्रप्रवाहामुळे इथे धुकं येतं आणि ओल धरली की हाच रस्ता साबणासारखा होतो. तिथे हवा सोडायची घाई नको, वेग मात्र कमी करा आणि दिवसाही दिवे लावा. केप क्रॉसला सील हे समुद्री प्राणी बघायला थांबा. 1486 मध्ये पोर्तुगीज खलाशी दियोगो काओ याने क्रॉस रोवला तो इथेच. किनाऱ्यालगतच्या सपाट माळावर गाडी उतरवू नका. तिथे करडं-नारिंगी दिसतं ते जिवंत लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून झालेलं दगडफूल आहे, आणि चाकाची खूण तिथे कित्येक दशकं राहते.

स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यानाच्या उगाब फाटकापाशी परवाना घेताना गाडी थांबतेच, तेव्हा टायर गार होऊ द्या आणि हवा सोडून घ्या. नुसतं पार होऊन जायचं असेल तर दुपारी 3 च्या आत फाटकावर पोहोचा. टोरा बेपाशी सी-39 आत वळतो, आणि उद्यानाच्या दुसऱ्या, स्प्रिंगबोकवासर फाटकापासून पाल्मवागपर्यंतची खडी या सहलीतली सर्वांत कठीण. फाटलेले टायर जास्त करून तिथेच मिळतात. मोबाइलला रेंज नाही, आणि आमचा माणूस स्वाकोपमुंडहून निघाला तरी तुमचा अख्खा दिवस जातो. नकाशा तीन तास म्हणाला तर पाच धरा. पेट्रोल-डिझेल हेन्टीस बेला काठोकाठ भरा.

आम्ही प्रत्येक गाडीला दोन स्टेपनी देतो, दुसरीचे वेगळे पैसे घेत नाही. कॉम्प्रेसर आणि गेज भाड्यातच आहे. सॅटेलाइट फोन मागितलात तर मिळतो, आणि पाल्मवागकडे जाणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा असं माझं मत आहे. गाडी ताब्यात घेताना अर्धा तास जास्त काढा. आम्ही तुमच्याच हाताने एका चाकाची हवा सोडून परत भरून घेतो. ज्यांनी हे केलं, त्यांचे फोन आम्हाला क्वचितच येतात.

कामान्जाबला पुन्हा डांबर लागतं. तिथे चारही चाकं 2.2 आणि 2.4 वर आणा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि गेज झाल्यावर पुन्हा ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, पुढच्या माणसाला ते तिथेच सापडायला हवं.